खिळ्यावरचा नान

मुयस्सर-ओपांनी चहाचे दोन प्याले आमच्यासमोर ठेवले आणि मी चोरून दोन्हींत डोकावले. माझा काठोकाठ भरलेला होता. हर्षलाचा जेमतेम अर्धा.

प्रवासाचा सगळा शीण तिथेच उतरला. परक्या देशात, परक्या घरात, पहिल्याच संध्याकाळी यजमानीणबाईंनी माणसं बरोबर ओळखली असं मला वाटलं. मी रशियनमध्ये “आणखी थोडा, आणखी थोडा” म्हणत गेले होते आणि त्या हसत हसत ओतत गेल्या होत्या. हर्षला बिचारी नुसतीच मान डोलवत बसली होती.

आम्ही दोघी उझबेकिस्तानात, मार्गिलान शहराजवळच्या एका लहान गावात, शाळेतल्या मुलांच्या उन्हाळी कार्यशाळा घ्यायला गेलो होतो. विद्यार्थ्यांची एक संस्था अशी पोरं देशोदेशी पाठवायची. तिकीट आपलं, राहणं-जेवण त्यांचं. मी सांगलीची, केतकी पडसलगीकर, शिकायला पुण्यात. हर्षला डेहनकर पुसदची, शिकायला नागपुरात. आमची पहिली भेट दिल्लीच्या विमानतळावर झाली. तिकडे उझबेकच्या जोडीला अजून रशियन चालतं, म्हणून मी त्या तीन आठवड्यांसाठी दोन वर्षं रशियनचे वर्ग केले होते, व्याकरणाच्या वह्या भरल्या होत्या, निवडीच्या यादीत पहिली आले होते. हर्षलाला रशियनमधलं ‘हो’सुद्धा येत नव्हतं.

“अवं, मी तर यादीत चौथी होती,” तिने विमानात बसल्या बसल्या सांगून टाकलं. “वरच्या दोघी गळल्या, म्हणून माझा नंबर लागला.”

मुयस्सर-ओपा त्या शाळेत गणित शिकवायच्या. ‘ओपा’ म्हणजे तिकडची ताई. वय पन्नाशीच्या पुढे, समोरचे दोन दात सोन्याचे, अंगात रंगीबेरंगी रेशमाचा घोळदार झगा. घरात एकट्याच. शिबिराची सगळी सूत्रं त्यांच्या हाती होती आणि आम्ही राहायलाही त्यांच्याकडेच होतो. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, की शेवटच्या शनिवारी गावातले पालक आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी येतील, तेव्हा आमच्या दोघींपैकी एकीचीच कार्यशाळा मंचावर दाखवायची. कोणाची, ते त्या ठरवणार होत्या.

तो शनिवार मला हवा होता. इतका हवा होता, की सांगलीच्या घरी फोनवर मी तो मला मिळाल्यासारखंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून स्वयंपाकघरात गेले. ओपा कणीक मळत होत्या. भिंतीवर दोन खिळे होते. एकाला कापडी पिशवी अडकवलेली, तिच्यात नानाचे वाळके तुकडे. तिकडे नानाचा कण फेकत नाहीत, साठवून कोंबड्यांना घालतात. दुसऱ्या खिळ्याला दोरीत ओवलेला एक अख्खा गोल नान टांगलेला होता. अख्खा म्हणजे, कडेचा एक घास तेवढा चावलेला.

“हा असा का टांगलाय?” मी विचारलं.

ओपांनी हात पुसले. “जासुरचा आहे. माझ्या मुलाचा.”

जासुर मार्च महिन्यात सायबेरियात बांधकामावर गेला होता. घर सोडून लांब जाणाऱ्याला तिथे उंबऱ्यावर नान देतात. त्याने एक घास चावायचा आणि निघायचं. उरलेला नान घरात टांगून ठेवायचा. परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा.

“तोवर नान त्याला घराकडे ओढत राहतो,” ओपा म्हणाल्या. “शेजारच्या रानोने तिच्या मुलाचा नान नीट सांभाळला नाही. उंदरांनी खाल्ला. मुलगा तिकडेच राहिला, तिकडेच लग्न केलं. तू हसशील. मी गणिताची बाई आहे, मलाही हसू येतं. पण येता-जाता एकदा बघितल्याशिवाय राहवत नाही.”

“मी नाही हसणार,” मी म्हणाले, आणि खरंच हसले नाही.

“तुझ्या मैत्रिणीलाही सांग. तिला माझं बोलणं कळत नाही. म्हणावं, घरात कशालाही हात लाव, फक्त ह्याला नको.”

मी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला बजावत आले, पण राहून वगैरे काही गेलं नव्हतं. ओपांनी घरातलं गुज मला एकटीला सांगितलं होतं. हर्षलाला ते सांगितलं असतं तर ते आम्हा दोघींचं झालं असतं. मला ते माझंच ठेवायचं होतं.

माझ्या कार्यशाळेचा विषय होता तर्कशक्तीची कोडी. अख्खा एप्रिल घालवून मी रशियनमध्ये चाळीस स्लाइड तयार केल्या होत्या. हर्षलाच्या वाट्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ आलं होतं आणि तिने सोबत काय आणलं होतं, तर एक कात्री आणि डिंकाची एक बाटली. पहिल्या दिवशी माझ्या वर्गात चोवीस मुलं होती, तिच्या वर्गात अकरा. मी तिला धीरही दिला.

दुसऱ्या दिवशी ती गावात हिंडून आली ती पोतंभर रिकामी रिळं घेऊन. त्या गावात घरोघरी रेशीम विणतात, रिळांना तोटा नाही. तिने रिळांची चाकं केली, पुठ्ठ्याचं धड केलं, वर चिंध्यांची झूल घातली आणि झाला बैल तयार. मग तिला मुलांना तान्हा पोळा समजावून सांगायचा होता. त्यासाठी ओपांनी मला माझा वर्ग दहा मिनिटं थांबवून बोलावलं.

“सांग त्यांना,” हर्षला म्हणाली, “आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं असे चाकाचे बैल सजवतात नि गावभर ओढत नेतात. घरोघरी खाऊ भेटते.”

मी सांगितलं. मुलं एकमेकांत कुजबुजली. एक मुलगी उभी राहून म्हणाली, आमच्याकडे बैल नाहीत, गाढवं आहेत, गाढव केलं तर चालेल का?

“गाढव तर गाढव!” हर्षला म्हणाली. “चाकं असली म्हणजे झालं.”

वर्गात जो हशा पिकला तो माझ्या भाषांतरामुळे पिकला होता, पण मुलं बघत होती तिच्याकडे.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी त्या आठवड्यात रोज घोकली. माझ्या वर्गातली मुलं चोवीसची सतरा झाली, सतराची नऊ. त्या नवांतले दोघे माझ्या वर्गखोलीत पंखा होता म्हणून यायचे. दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणातून सव्वीस गाढवं खडखडत निघायची, पुढे हर्षला, आणि मी खिडकीतून बघत फळा पुसायचे. तिला एक शब्द येत नव्हता. हातवारे करायची, तोंडं वेडीवाकडी करायची, चुकीचं उझबेक बोलायची आणि पोरं तिला सुधारताना आनंदाने नाचायची. माझं रशियन चुकत नव्हतं. सुधारायला कोणाला काही ठेवलंच नव्हतं मी.

त्यातच चहाचं प्रकरण उलगडलं. एका दुपारी ओपांच्या शेजारीण रानोबाई आल्या. ओपांनी त्यांना प्याल्याच्या तळाशी घोटभर चहा दिला. मला राहवलं नाही.

“पाहुण्याला एवढाच?” मी विचारलं.

“मानाच्या पाहुण्याला थोडाच द्यायचा,” ओपा म्हणाल्या. “म्हणजे तो पुन्हा मागतो, आपल्याला पुन्हा ओतता येतो, गप्पा लांबतात. प्याला भरून दिला तर अर्थ होतो, प्या आणि निघा.”

“मग पहिल्या दिवशी मला?”

ओपा दोन्ही सोन्याचे दात दाखवत हसल्या. “तूच आणखी आणखी म्हणत होतीस! मला वाटलं, पोरीला कुठे जायची घाई आहे.”

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्या दिवसापासून मी चहा कमी आणि प्याल्यांची पातळी जास्त पाहू लागले. माझा अर्धा असला तर हर्षलाचा पाव वाटायचा. आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण तेव्हा मी अगदी मनापासून मोजत होते.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी ओपांनी आम्हाला अंगणात बोलावलं. द्राक्षाच्या मांडवाखाली एक मोठा लाकडी चौथरा होता, तिथे बसूनच त्या घरातलं खाणंपिणं चालायचं.

“शनिवारी हर्षलाची गाढवं दाखवू,” ओपा मला म्हणाल्या. “मुलांच्या अंगात नुसतं वारं शिरलंय. आणि तू माइकवर तिचं भाषांतर कर. इतकं शुद्ध रशियन आमच्या अधिकाऱ्यांनाही येत नाही. करशील ना?”

“करीन की,” मी म्हणाले.

“काय म्हणून राहिल्या?” हर्षलाने विचारलं. मी सांगितलं. तिने मला घट्ट मिठी मारली. “अवं केतकी, तू संगं असली म्हणजे मला काय चिंता!”

मी डोकं दुखतंय म्हणून आत गेले. भिंतीकडे तोंड करून पडले आणि रडले. दोन वर्षांचे वर्ग, चाळीस स्लाइड, यादीतला पहिला नंबर, आणि शेवटी माझ्या हाती माइक आला तो तिच्या गाढवांचं कौतुक सांगायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओपा बाजारात गेल्या. मी चौथऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. हर्षला बाह्या सरसावून आली.

“ऐक ना. ओपा आपल्याला काही करू देत नाहीत, आज त्या यायच्या आत मी काही तरी करून ठेवते. मोहरी, हळद, तिखट माझ्यापाशी आहे. त्या पिशवीतल्या तुकड्यांचा कुस्करा करते. फोडणीची पोळी गं. तुमच्याकडे काय म्हणतात?”

“फोडणीची चपाती.”

“तेच ते. कोंबड्यांना घालतात, तर माणसांनी का खाऊ नये? ‘टाकाऊतून टिकाऊ’वाली आहे मी!”

ती आत गेली. कांदा चिरल्याचा आवाज आला, फडताळं उघडल्याचा आला. मग तिने दारातून डोकं बाहेर काढलं.

“केतकी, पिशवीतलं दोन मुठीच निघालं. दुसऱ्या खिळ्याला एक आख्खा लटकवला आहे. कोणीतरी चावा घेऊन तसाच सोडून दिलेला दिसते. पार दगड झाला आहे. घेऊ का गं?”

मी पुस्तकातून मान वर केली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेही मराठीत.

“मला काय विचारतेस?” मी म्हणाले. “घर तुझंच आहे ना आता.”

ती हसली. तिला वाटलं मी चिडवते आहे. “खरं सांग ना, घेऊ?”

“तुला सगळं कळतं. तुला वाटेल ते कर.”

ती क्षणभर दारात थांबली. मग आत वळली.

थोड्या वेळाने कुटल्याचा आवाज येऊ लागला. नान इतका वाळला होता, की तो तिला लाकडी बत्त्याने फोडावा लागत होता. ठक्. ठक्. मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. चौथऱ्यापासून स्वयंपाकघराचं दार पाच पावलांवर होतं. पहिल्या ठोक्याला उठले असते तर निदान अर्धा नान वाचला असता. तिसऱ्या-चौथ्या ठोक्यालाही उठता आलं असतं. मी बसून राहिले. मला ओपांचा तो मुलगा आठवला नाही, ओपाही आठवल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला आठवला शनिवार. आता ओपा तिला मंचावर उभी करणार नाहीत, एवढंच माझ्या मनात आलं. मग फोडणीत मोहरी तडतडली आणि घरच्यासारखा वास अंगणभर पसरला.

ओपा परत आल्या तेव्हा चौथऱ्यावर चादर अंथरलेली होती आणि मधोमध मोठ्या थाळ्यात पिवळाधमक कुस्करा, वर कोथिंबीर. ओपा लहान मुलीसारख्या खूश झाल्या. हात धुऊन आल्या, बसल्या, चमच्याने एक घास घेतला, मग दुसरा.

“छान आहे! कशाचं केलंय, विचार तिला.”

मी विचारलं.

“सांग त्यांना, नानाचंच आहे,” हर्षला म्हणाली. मग मी तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच हातवाऱ्यांनी सुरू केलं. पिशवी दाखवली, बोटांनी ‘थोडंच’ अशी खूण केली, मग उघड्या दारातून भिंतीकडे बोट केलं आणि बत्त्याने कुटायचा अभिनय केला. हसतच होती ती. भिंतीवरच्या खिळ्याला नुसती दोरी लोंबत होती.

ओपांच्या तोंडात घास होता. त्यांनी तो चावला नाही, थुंकलाही नाही. नान तिथे थुंकत नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी तो गिळला. मग उठून आत गेल्या, दोरीला हात लावला आणि परत येऊन आपल्या जागी बसल्या. हर्षलाचं हसू हळूहळू मावळलं.

“केतकी,” ओपा माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “तू तिला सांगितलं नव्हतंस?”

“सांगितलं होतं,” मी म्हणाले.

रशियनमध्ये ते दोनच शब्दांत होतं. बोलून झाल्यावर कळलं की मी बोलले.

“काय झालं?” हर्षलाने माझं मनगट धरलं. “त्या अशा काऊन करून राहिल्या? काय चुकलं माझं? सांग ना!”

मग मी तिला सांगितलं. जासुरचं, उंबऱ्यावरच्या घासाचं, रानोबाईंच्या मुलाचं. तिने थाळ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

“हे तुला आता सांगितलं त्यांनी?”

“नाही.”

“मग?”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला.”

ती आता ओरडेल असं मला वाटलं. तिने थोबाडीत मारली असती तरी मी खाल्ली असती. उलट बरंच वाटलं असतं. ओपा आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

हर्षलाने कुर्त्याला हात पुसले.

“हे पाह्य,” ती म्हणाली. “मी काय म्हणते ते जसंच्या तसं सांग त्यांना. म्हण, की तू मला सांगितलं होतं. मीच विसरली.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“तू सांगितलं होतं, मी विसरली. एवढंच म्हण.”

“का पण?”

“का म्हणजे? अवं, ह्या घरात त्या बाईला बोलायला तूच तर आहे. पोरगा तिकडे, नवरा नाही. संध्याकाळी तुमच्या दोघींच्या किती गप्पा चालतात, मी आपली मांडवातली द्राक्षं मोजत बसते. किती जळते मी तुझ्यावर, तुला काय माहीत? तुझ्यावरून त्यांचा विश्वास उडाला तर उरलेले दिवस त्या कोणाशी बोलतील? माझ्यावर रागावू दे. माझं तसंही त्यांना काही कळत नाही.” तिने डोळे पुसले. “तुझ्याशी मी मग बोलीन. आधी त्यांना सांग.”

जे खोटं मी दोन मिनिटांपूर्वी तिच्यावर ढकललं होतं, तेच ती आपणहून स्वतःच्या डोक्यावर घेत होती. आणि मी ते आधीच बोलून बसले आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

खरं सांगायची ती वेळ होती. माझ्याकडे भाषा होती, समोर माणूस होतं. मी ओपांकडे वळले आणि स्वच्छ, शुद्ध रशियनमध्ये म्हणाले, “ती म्हणते आहे, केतकीने मला सांगितलं होतं. मीच विसरले.”

पुढचं आधी सांगून टाकते, कारण नंतर सांगायला काही उरणार नाही. शनिवारी हर्षलाचीच गाढवं मंचावर धावली आणि माइकवर मीच होते. अधिकाऱ्यांनी माझ्या रशियनचं कौतुक केलं. ओपांनी तो उरलेला कुस्करा टाकला नाही. चादरीवर पसरून उन्हात वाळवला आणि बरणीत भरून ठेवला. जासुर दोन वर्षांनी धडधाकट परतला. हळदीचा पिवळा चुरा चमच्याने खाताना तोंड वाकडं केलेला त्याचा फोटो ओपांनी पाठवला. तो हर्षलाला आला होता, मला तिच्याकडून कळलं. ‘तुझ्याशी मी मग बोलीन’ असं ती म्हणाली होती, पण त्या विषयावर ती कधीच बोलली नाही. माझ्या वाढदिवसाला अजून न चुकता फोन करते. मी आता भाषांतरावरच पोट भरते. परदेशी पाहुण्यांच्या बैठकांना मला बोलावतात, कारण माझ्या भाषांतरात इकडचा शब्द तिकडे होत नाही अशी माझी ख्याती आहे.

तर त्या गुरुवारी माझं भाषांतर ओपांनी ऐकलं. हर्षला मान खाली घालून बसली होती. मग ओपांनी हात पुढे करून तिची पिवळी बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि मला म्हणाल्या, “तिला सांग, मला वाईट वाटलं. ते वाटणारच. पण तीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे. आपली चूक अशी समोर बसून, कोणावर न ढकलता कबूल करणारी पोर मी पाहिली नाही. तिच्या आईला म्हणावं, तू भाग्याची आहेस. आणि तिला सांग, आजपासून ती माझीही मुलगी आहे.”

माझं काळीज इतकं जळलं, की डोळ्यांत पाणी आलं. ओपांना वाटलं, मला गहिवरून आलं आहे. त्यांनी माझ्याही पाठीवरून हात फिरवला.

हर्षलाने मान वर केली. “काय म्हणाल्या?”

“काही नाही,” मी म्हणाले. “म्हणाल्या, पुढच्या वेळी कोणाला तरी विचारून घेत जा.”

“बरोबरच आहे त्यांचं,” हर्षला म्हणाली.